माझ्या मयताला आलेली माणसं

माझ्या मयताला माझा धाकटा भाऊ आला तेव्हा मी बागेत एनसेटचा बुंधा खरवडत बसले होते. डावा पाय वर घेऊन टाचेनं सोपट तिरक्या फळीवर दाबलेलं, दोन्ही हातांत वेळूची पट्टी, झगा मांडीवर खोचलेला आणि कोपरापर्यंत पांढरा चीक. या कामाच्या वेळी पुरुषानं बागेत पाऊल टाकायचं नाही, ही आम्हा कांबाटा लोकांची रीत. नवरासुद्धा बांधावर उभा राहून खाकरतो. इथं तर माझ्या माहेरचा सगळा गोतावळाच छाती बडवत आत शिरला. पुढं एर्जाबो. डोक्यात माती घातलेली, डोळे सुजलेले. “आक्का गं, मला न सांगता गेलीस,” असं रडत तो बुंध्यांमधून आला आणि माझ्यासमोर येऊन थबकला. तोंड उघडंच राहिलं. रडणं घशात अडकलं की उचकी लागते हे मी त्या दिवशी पाहिलं.

“आक्का,” तो म्हणाला, “तू जित्ती हाईस?”

“न्हाई. माझं भूत खरवडतंय. तोंड फिरव आधी, मांडी उघडी हाय माझी.”

त्यानं तोंड फिरवलं. मागच्या पुरुषांनीही फिरवलं. बायका मात्र पुढं आल्या. कुणी माझा गाल चाचपला, कुणी दंड. एर्जाबोच्या बायकोनं तर असा चिमटा काढला की पट्टी हातातून पडली.

“गरम हाय,” ती मागं वळून म्हणाली.

तेवढ्यात आमचं इद्दिर येऊन पोचलं. इद्दिर म्हणजे गावाचं मयतमंडळ. रडण्याचा आवाज कानावर आला की हातातलं टाकायचं, तंबूचे बांबू, बाकडी आणि मोठी पातेली उचलायची, आणि कोण गेलं ते वाटेत विचारायचं. मंडळाचा म्होरक्या दोलेबो बांबू खांद्यावर घेऊन धापा टाकत बांधावर उभा राहिला.

“कोण गेलं?”

माझी जाऊ ताडेलेच शेजारच्या फळीवर होती. तिच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, “हिचंच मयत हाय. तंबू कुठं टाकायचा ते हिलाच विचारा.”

माणसं हसायला लागली. मीही काहीबाही बोलत राहिले. आलाच आहात तर कॉफी घेऊन जा म्हटलं. मी मेले म्हणून भाजून आणलेले जव माझ्याच अंगणात माझ्याच हातानं वाटले.  

“आता सांग,” मी एर्जाबोला म्हटलं. “मला कुणी मारलं?”

“रेडिओनं.” तो जमिनीकडं बघत म्हणाला. “हवासाच्या त्या केंद्राचा कार्यक्रम होता. तुझी सून बोलणार म्हणून सगळ्या गावानं कान लावलेले. निवेदक म्हणाला, लोडामोची बायको आमारेच, सासू वारली तरी तिची विद्या जित्ती ठेवलेली पोर. पुढं सून काय बोलली ते आमच्या रडण्यात कुणी ऐकलं न्हाई.”

 ताडेलेचनं कप गोळा करायला घेतले.

एनसेट म्हणजे केळीची थोरली बहीण. तिला खाण्याजोगं फळ येत नाही; बुंधा आणि गड्डा हेच आमचं अन्न. सोपटं खरवडून गर काढायचा, वाख वेगळा करायचा, गड्डा कुटायचा, सगळं पानांत गुंडाळून खड्ड्यात आंबवायचं आणि त्याची भाकर करायची. लावल्यापासून कापणीला येईपर्यंत घरातलं लेकरू शाळेत जाण्याएवढं होतं. अशा बागेला यंदा मर लागली. वरचा पोगा पिवळा पडून मान टाकतो, कापलं की आतून घाण पाणी गळतं. एक झाड गेलं की सुरीतून, बकरीच्या तोंडातून दुसऱ्याला. म्हणून जी झाडं अजून धड होती ती रोग पोचायच्या आत उतरवून खड्ड्यात घालायची, नाहीतर पुढची काही वर्षं घरानं काय खायचं? आणि खरवडणाऱ्या आम्ही इन मीन तीन. ताडेलेचचा खांदा वर जात नाही. माझ्या गुडघ्याची आठवण काढू नका. तिसरी आमारेच, ती हवासाला.

ती गेली ती यासाठीच. लग्नाआधी ती शेतीशाळेत शिकलेली. खरवडायच्या यंत्राचं चित्र तिनं तिथंच काढलं होतं. दाते असलेला रूळ, खाली सायकलीसारखं पायडल. माझ्या लेकानं, लोडामोनं, दुरामेच्या लोहाराकडून एक करून आणलं, ते वाखात अडकून मोडलं. मग तिनं त्या केंद्रात नाव घातलं. तिथं म्हणे नवे धंदे उबवतात. जागा देतात, यंत्रं वापरू देतात, हिशेब शिकवतात, धंद्याला पैसा लावणाऱ्या माणसांसमोर उभं राहून बोलायला शिकवतात. मी लोडामोला विचारलं होतं, “कोंबडीवाचून अंडी उबवतात तसं?” तो म्हणाला, “तसंच, आई.” मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. पण पोरीच्या हातात गुण होता. तिनं आंबवलेलं पीठ वाळवलं, चाळलं, त्याची भाकर मऊ व्हायची. मी तिला तोंडावर कधी चांगलं म्हटलं नाही. पाठवलं मात्र मीच.

शनिवारी लोडामो तिला मोटारसायकलीवर घेऊन आला. मयताचं तिला वाटेतच कळलं असावं. 

“ये,” मी म्हटलं. “सासूचं दर्शन घे. तंबू परत गेला, उशीर केलास.”

ती माझ्या गुडघ्याशी वाकली. मी पाय मागं घेतला.

“मी तसं म्हणाले नाही, आत्याबाई.”

“मग कोण म्हणालं? रेडिओ आपोआप बोलतो?”

“पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी आपापली गोष्ट सांगायची होती. धंदा कुठून सुरू झाला त्याची. वर्ग घ्यायला नाहोम म्हणून आहेत, राजधानीतले, अदिसचे. त्यांनी विचारलं, हे काम तुला कुणी दाखवलं? मी म्हणाले, नवऱ्याच्या आईनं. त्यांनी विचारलं, त्यांचं नाव काय?”

“मग?”

“मग काय सांगू?” तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. “मान खाली घातली. त्यांनी परत विचारलं. मी आणखी खाली घातली. एवढ्या लोकांत लाज वाटून डोळ्यांत पाणी आलं. ते जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, राहू दे, तुझं दुःख समजलं.”

आमच्यात सून सासूचं नाव घेत नाही. नावच काय, त्या नावाच्या पहिल्या अक्षरानं सुरू होणारा शब्दही तोंडातून काढत नाही. त्याच्या जागी दुसरा शोधते. लग्नाच्या दिवसापासून आमारेच माझ्यापायी किती शब्द गिळून बसली आहे, याची गणती नाही. मीही माझ्या सासूचं नाव कधी घेतलं नाही, ती मातीआड झाल्यावरही नाही, आणि इथंही घेणार नाही. शहरातल्या पोराला हे कुठून ठाऊक असणार? त्यानं आमच्या पोरीची मान खाली गेलेली पाहिली आणि मला मारून टाकलं.

“तुला तोंड होतं ना? दुसऱ्या दिवशी बोलायचंस.”

“दुसऱ्या दिवशी त्यांनीच ते सगळ्यांपुढं सांगितलं. बायका रडल्या. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत माझी जीभ उचललीच नाही. मग जो पाहुणा येईल त्याला तेच सांगायचे. माझा रूळ, माझं पीठ कुणी पाहीना, आत्याबाई. सगळे तुमचंच विचारायचे.”

“बरोबर. उबवायच्या पेटीत आईची गरज नसते. आधी तिला बाहेर काढावं लागतं.”

ती रडायला लागली. मला तिची कीव आली नाही. खरं सांगायचं तर मला काहीच आलं नाही. कुणी पाठीत धोंडा घातल्यावर क्षणभर दुखत नाही, तसं झालं होतं. नुसतं बधिर.

खरा धोंडा दुसऱ्या दिवशी सकाळी पडला, आणि तो माझ्या पोटच्या पोरानं घातला. मी चुलीपाशी सुऱ्या जाळावरून फिरवत होते; मरीचं पाणी पात्याला लागलेलं असतं, ते जाळल्याशिवाय दुसऱ्या झाडाला पातं लावायचं नाही. लोडामो माझ्या पाठीशी येऊन बसला.

“आई, बुधवारी केंद्राची माणसं येणारेत. वेइझेरो सेनाईत येतील, त्या केंद्राच्या मुख्य. नवं यंत्र बरोबर आणतील. पायडलाचं न्हाई, इंजिनाचं. घर बघून, बाग बघून त्यांना पटलं तर ते इथंच ठेवून जातील. वर शेड बांधून देतील.”

“बरं.”

“खोटं निघालं तर आमारेचला काढतील.”

“बरं.”

तो चुळबुळला. “तर एक दिवस... तू मावशी हो की.”

मी सुरी फिरवायची थांबले. “कुणाची?”

“माझी. त्यांना सांगू, ही आईची बहीण. एक दिवसाचा प्रश्न हाय, आई. तुला काही बोलायचं न्हाई. नुसतं बसायचं.”

मी त्याच्याकडं पाहिलं. दाढी आलेली, कपाळाला आठ्या. याच तोंडात मी घास चावून घातला होता. मला वाटलं, आता हा हसेल, गंमत केली म्हणेल. तो हसला नाही. सुरीचं पातं लाल होऊन मुठीपर्यंत तापलं तेव्हा मी ती टाकून दिली.

“तुझ्या बायकोनं सांगितलं हे बोलायला?”

“तिला ठाऊक न्हाई अजून. ती तर म्हणते, खरं सांगून मोकळी होते. मीच अडवलंय. बाग बघ की, आई. वरच्या ओळीतले आणखी पोगे पडले. तुम्ही तिघी मिळून किती खरवडणार?”

ते खरं होतं. तेच तर वाईट होतं. मी उठून बागेत गेले. वरच्या ओळीत पिवळे पोगे मान टाकून लोंबत होते. ताडेलेच एका हातानं खरवडत होती, दुसरा खांदा बुंध्याला टेकवून. मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला कुणी यंत्र दिलं तर मी तुझी बकरीसुद्धा होईन.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. लोडामोनं त्याला वाटलं ते समजून घेतलं.

बुधवारी पिकअप आली. मागं ताडपत्रीखाली काहीतरी दोरीनं आवळून बांधलेलं. बायांची नजर त्या ताडपत्रीवरून हलेना. वेइझेरो म्हणजे बाई; या सेनाईतबाई साठीच्या घरातल्या, पांढरी ओढणी, पायांत शहरी बूट. चिखलात बूट रुतले तरी त्यांनी तोंड वाकडं केलं नाही, एवढं मी कबूल करीन. बरोबर तो नाहोम. लहानसर चेहऱ्याचा, गळ्यात कॅमेरा. तो सरळ खरवडायच्या जागी आला. मी पाय खाली घ्यायला गेले, तर तो हातानं खूण करून म्हणाला, राहू दे, राहू दे, आणि माझ्या मांडीचा फोटो काढला. माझ्या नवऱ्यानं जितेपणी ती दिवसाउजेडी पाहिली नव्हती.

“ह्या कोण?” त्यानं विचारलं. शहराची भाषा मला थोडी कळते.

“मावशी,” लोडामो म्हणाला.

आमारेचनं मान झटक्यात वळवली. तिला खरंच ठाऊक नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं. तिच्या हातात पाहुण्यांसाठी आणलेली भाकरीची परडी होती. ती तिरकी झाली, एक भाकर चिखलात पडली, कुणी उचलली नाही.

पाहुण्यांनी बाग पाहिली, खड्डे पाहिले, पीठ बोटांत चोळून पाहिलं. सेनाईतबाईंनी चांगले प्रश्न विचारले: वाख किती निघतो, ओला गर रुळाला चिकटतो का. आमारेच उत्तर देत होती, पण आवाज कुठून तरी खोलातून येत होता. मग बाई थांबल्या आणि हळू आवाजात काहीतरी बोलल्या. नाहोमनं मान डोलावली.

“त्या म्हणतात,” लोडामोनं आम्हाला सांगितलं, आणि त्याचा रंग उडाला, “जाण्याआधी आईच्या कबरीपाशी उभं राहायचंय.”

 मला वाटलं, आता तरी हा पोरगा थांबेल. तो पुढं चालायला लागला.

घरामागं माझ्या सासूची कबर आहे. दगडांचं कुंपण, कडेला पिवळी फुलझाडं. तिथं त्यानं त्यांना नेलं. आम्हीही मागोमाग गेलो, चिकानं भरलेल्या हातांनी. सेनाईतबाईंनी ओढणी डोक्यावरून घेतली. नाहोमनं कॅमेरा पाठीवर फिरवला आणि डोळे मिटले. तो खरोखर दुःखी होता. त्या पोराच्या डोळ्यांत माझ्यासाठी पाणी होतं, आणि मी त्याच्या मागं हातभर अंतरावर उभी होते.

“नाव काय त्यांचं?” बाईंनी विचारलं. “मुलीला दुःखानं ते कधी सांगता आलं नाही. शेडवर पाटी लावायची आहे आम्हाला.”

 लोडामोनं आजीच्या मातीकडं पाहिलं, ताडपत्रीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही.

“शिताये,” तो म्हणाला.

माझं नाव. दुसऱ्याच्या कबरीवर, माझ्या लेकाच्या तोंडून. सगळ्यांनी माना खाली घातल्या. प्रार्थना सुरू झाली.  मी ताडेलेचचा दुखरा खांदा धरला आणि ती कळवळली नाही. ओरडावंसं वाटलं, पण घशातून काही निघेना. मला वाटलं, मेलं की असंच होत असेल. सगळं ऐकू येतं आणि बोलता येत नाही.

“नाही,” आमारेच म्हणाली.

प्रार्थना थांबली.

“इथं दुसऱ्या आहेत. यांच्या सासूबाई.” तिनं माझ्याकडं हात केला. ओठ एकदा मिटले, पुन्हा उघडले. ती पायानं हे कुंपण ओलांडून कबरीवर चढली असती तरी मला एवढा धक्का बसला नसता. “शिताये त्या. तिथं उभ्या आहेत त्या शिताये. मला त्यांनी शिकवलं. त्या जिवंत आहेत.”

ताडेलेचनं तोंडावर हात नेला. बांधापलीकडून बघायला जमलेल्या बायकांत हाहाकार उठला, पीक आगीत सापडल्यावर उठतो तसा. त्यांना शेडचं काही नव्हतं. सुनेनं सासूचं नाव घेतलं होतं, चारचौघांत, दोनदा.

नाहोम माझ्याकडं पाहत राहिला. मांडीचा फोटो आठवला असावा. त्याचे कान लाल झाले. सेनाईतबाई आमारेचला म्हणाल्या, “हे आधी का नाही सांगितलंस?”

“नाव घ्यायला लागलं असतं.”

बाईंना ते कळलं नाही. लोडामो आता सगळं एका दमात सांगायला लागला: रीत अशी, मान खाली अशी, चूक कुणाचीच नाही. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, “पहिल्या दिवसाची चूक आमची. ती मी माझ्या माथी घेते. पण मघाशी इथं आम्हाला हात जोडायला लावलेत, ती आमची नव्हे.” त्या माझ्याजवळ येऊन काही म्हणाल्या, क्षमा मागितली असावी. मी मान हलवली. आमारेचचं नाव या खेपेला काढावं लागेल, पुढच्या वर्षी तिनं पुन्हा यावं, असं त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी बाग कुठं असेल हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

पिकअप वळली. ताडपत्रीची दोरी कुणी सोडलीसुद्धा नव्हती. यंत्र कसलं होतं, केवढं होतं, ते आम्ही पाहिलंच नाही.

लोडामो मोटारसायकलीपाशी जाऊन उभा राहिला. चालू करेना, बसेना.  ताडेलेच माझ्या कानाशी म्हणाली, “हिला नदीवर नेऊन तोंड धुवायला लाव. बायका बोलायला लागल्यात.”

“बोलू दे.”

मी फळीवर जाऊन बसले, सोपट घेतलं. थोड्या वेळानं आमारेच आली. तिनं शहरातला झगा कमरेला खोचला, समोरच्या फळीवर बसली आणि टाच लावली. हात सैल पडले होते तिचे, पट्टी घसरत होती. आम्ही खरवडत राहिलो. गर पानांवर पडत होता. तिला माझ्याकडं बघवत नव्हतं, आणि मला तिच्यावरून नजर काढवत नव्हती. या घरात आल्यापासून मला कुणी लोडामोची आई म्हणतं, कुणी म्हातारी, नवरा नुसतं अगं म्हणायचा. माझं नाव या भिंतींनी ऐकलेलं नव्हतं.

“आमारेच.”

“जी, आत्याबाई.”

“पुन्हा घे.”

तिचा हात थांबला. “काय?”

“मघाशी घेतलंस ते.”

तिनं पट्टी फळीवर ठेवली. ताडेलेचची पट्टीही थांबली. मग आमारेचनं मान वर केली आणि हळूच, जीभ भाजल्यासारखं, माझं नाव घेतलं.

“ओ,” मी म्हटलं.